दम कोंडायचा

मी सध्या पिंपळे गुरवला मुलाकडे राहतो. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर आधी रंगाचं दुकान होतं, तिथे आता जिम निघाली आहे. सकाळी मी खाली खुर्ची टाकून उन्हाला बसतो, तेव्हा काचेच्या आतून तिथल्या शिकवणाऱ्याचा आवाज येत राहतो. "वर येताना श्वास सोडा, सर. सोडा. हां. मानेला झटका नको." सतरंजीवर पडलेली, पोट सुटलेली माणसं फुस्स करून उठतात आणि पुन्हा पडतात. दिवसातून शंभरदा तरी तो हे म्हणत असेल. मला दर वेळी राग येतो. त्याच्यावर नाही, तो आपलं काम करतो. एवढी साधी गोष्ट आज कुणीही कुणालाही सांगतं, याचा राग येतो.

माझ्या विसाव्या वर्षी ती मला कुणी सांगितली नाही. आणि ज्याने सांगायची तो माणूस माझा सख्खा चुलता होता.

आमचं गाव पवनेच्या काठी, चिंचवडपासून चालत अर्ध्या तासावर. मी पाच वर्षांचा असताना वडील पटकीने गेले आणि काकांनी मला आणि आईला घरात ठेवून घेतलं. 'ठेवून घेतलं' हे गावाचे शब्द, त्यात काकांचा मोठेपणा दिसायचा. आई पहाटे उठून त्यांच्या म्हशींचं करायची, तालमीतल्या पोरांसाठी बदाम वाटायची, दूध आटवायची आणि सगळ्यांची पानं झाली की उरलंसुरलं घेऊन चुलीपाशी बसायची. काकांनी लग्न केलं नव्हतं. ते तालमीचे वस्ताद होते आणि तरुणपणी मारुतीसमोर जन्मभर ब्रह्मचारी राहण्याची शपथ घेऊन बसले होते. गावात पाटलाच्या शब्दाला मान होता, पण काकांपुढे पाटीलही विडी विझवायचा.

दुसऱ्या तालमींत वस्ताद मान बघायचे, दंड बघायचे, मांडी बघायचे. आमच्याकडे पोट. नवा मुलगा आला की काका त्याच्या पोटात दोन बोटं खुपसून बघायचे आणि नाक मुरडायचे. "हे पोट हाय का पुरणाचा डबा? कुस्तीत मानूस पडतो त्यो पोटातनं. पोटाचा धोंडा करा, मंग तुमाला कोन पाडतोय बगतो."

धोंडा करायची रीत अशी. हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या, कडेला उताणं पडायचं, पाय तुळईखाली अडकवायचे, छातीवर अर्ध्या मणाचा दगडी गुंडा धरायचा, छाती फुटेस्तोवर हवा आत ओढायची, तोंड गच्च मिटायचं आणि झटक्यासरशी उठून बसायचं. एका दमात दहा वेळा. काका वेताची काठी घेऊन डोक्याशी उभे असायचे. कुणाच्या नाकातोंडातून हवा सुटल्याचा आवाज आला की पोटरीवर काठी बसलीच. "दम कोंड! हवा सुटली की जोर सुटला!" कानशिलं ठणकायची, डोळ्यांपुढे काजवे यायचे, पण दम सोडायची कुणाची छाती नव्हती.

हे सगळं शेरभर दूध पिऊन. रिकाम्या पोटी मेहनत केली तर आतडी आत चिकटतात, असं काका सांगायचे. "मोकळी पखाल कुनीबी चेपतोय, भरलेली चेपून दाव." शनिवारी हौद्याची पूजा असायची, कुस्ती बंद, म्हणून त्या दिवशी पोटाची मेहनत दुप्पट. विसावा म्हणून दिवसच नाही. पाठीचं तर कुणी नावही काढत नसे, पाठ मागे असते, ती कोण बघतो? पोटात चमक भरली की काका खूश. "दुकतंय ना? म्हंजी लागू पडतंय. आनखी धा."

जत्रेच्या दिवशी देवळापुढे परीक्षा व्हायची. उताणं पडायचं आणि पोटावर माणूस उभा करायचा. एकोणिसाव्या वर्षी मी पोटावर दोन माणसं उभी केली. त्यातला एक माझा जोडीदार होता. त्याचे वडील बीडकडून रस्त्याच्या कामाला आले आणि आमच्याच गावात राहिले. तालमीत आम्ही दोघं एकाच वयाचे, एकाच जोराचे, रोज एकमेकांच्या अंगाला माती लावणारे. तो माझ्या पोटावर उभा राहून ओरडला, "राव, फरशीवर उभा राह्यल्यावानी वाटायलंय!" लोक हसले. बायकांनी पदर तोंडाला लावले. आई गर्दीच्या मागे उभी होती. मला त्या दिवशी फार मजा वाटली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. काकांनी सगळ्यांदेखत माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मिळावा म्हणून मी काय काय केलं असतं, ते आता आठवलं की अंगावर काटा येतो.

काकांचा आणखी एक नियम होता आणि खरा घात त्याने केला. आमच्यापेक्षा मोठा एक पैलवान होता. नाल उचलताना, म्हणजे ती दगडी कडी खांद्यापर्यंत नेताना, तो एकदा मध्येच थांबला आणि जांघेवर हात धरून खाली बसला. काकांनी त्याला भिंतीशी नेलं, लंगोट बाजूला करून पाहिलं आणि तालमीबाहेर काढला. मग आम्हा सगळ्यांना ओळीने बसवून सांगितलं, "ज्याची चाल बिगडती, त्याची आतडी खाली उतरत्यात. बाईच्या नादाला लागलेल्याचं पोट मारुती धरत न्हाई. त्याची खूण जांगंत दिसती. ह्या मातीत असला पाय पुन्यांदा नको." तो पैलवान त्या वर्षी गाव सोडून गेला. खरं तर त्याच्यासारखा सरळ माणूस गावात नव्हता, पण काकांनी सांगितल्यावर तो कुणाला सरळ दिसेना.

मला ते बोलणं पटलं होतं. मी तर त्या पैलवानाच्या अंगावरून जाताना थुंकलोही होतो.

विसाव्या वर्षी, एका शनिवारी, गुंडा छातीवर घेऊन उठताना माझ्या उजव्या जांघेत काहीतरी सरकलं. दुखलं असं नाही, सरकलं. संध्याकाळी म्हशींच्या गोठ्यात लंगोट सोडून पाहिलं तर लिंबाएवढा फुगवटा. बोटाने दाबला तर आत गेला, उभा राहिलो तर पुन्हा बाहेर. मी म्हशीच्या गव्हाणीला टेकून किती वेळ उभा होतो कोण जाणे. बाईचा नाद सोडाच, मी तोवर कुठल्या मुलीशी धड बोललोही नव्हतो. तरी मी माझंच मन तपासत बसलो. अमुक दिवशी पाणवठ्यावर पाहिलं होतं, तमुक रात्री स्वप्न पडलं होतं. हिशेब लागेना, पण गुन्हा मात्र मी कबूल करून टाकला.

मग केलं काय, तर लंगोट आणखी आवळला. आणि पोट आणखी कमवायला लागलो, कारण पोट घट्ट झालं की आतडी वर जातील असं वाटलं. दहाचे पंधरा केले. काका खूश झाले.

त्याच सुमाराला पिंपरीकडे नव्या कारखान्याच्या भिंती वर येत होत्या आणि माणसं घ्यायचं सुरू झालं होतं. महिन्याला ठरलेला पगार, खाकी कपडे, शिफ्ट हे शब्द गावात नवे होते. माझं मन त्यात वेगळ्याच कारणाने अडकलं होतं. पगार सुरू झाला की पिंपरीत एक खोली घ्यायची आणि आईला काकांच्या चुलीपासून उठवून तिथे न्यायचं. तिने पहिल्या पंगतीला बसून गरम भाकरी खायची. मी हे आईला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी तिने जेवायची एक पितळी आणि दोन वाट्या वेगळ्या काढून, घासून, फडक्यात बांधून ठेवल्या. आमच्या नव्या घराचं तेवढंच सामान होतं.

मी आणि जोडीदार दोघंही गेलो. आमची अंगं बघून तिथल्या साहेबाने दोघांची नावं लगेच लिहिली. "डॉक्टरांकडून तपासून या, झालं तुमचं," तो म्हणाला. पत्र्याच्या एका शेडमध्ये डॉक्टर बसले होते. चाळिशीचे, पुण्याचे, थकलेले. जोडीदार आत गेला आणि पाच मिनिटांत हसत बाहेर आला.

मी आत गेलो. छाती तपासली, डोळे तपासले. डॉक्टरांनी माझ्या पोटावर बोटाने टकटक केलं आणि हसले. "वा, भिंतच बांधलीयस की. लंगोट सोड."

मी गाठीला हात घातला आणि तसाच उभा राहिलो.

"अरे सोड. आता खोक."

मी खोकलो. त्यांचा हात जांघेशी होता. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "किती दिवस आहे हे?"

"पाच महिने."

"आणि हे घेऊन वजन उचलतोस? मेहनत कशी करतोस सांग बघू."

मी सांगितलं. लाज होती, तरी सांगताना थोडी ऐट आलीच. दूध, गुंडा, कोंडलेला दम, पंधरा उठण्या. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "श्वास कोंडून, भरल्या पोटी, झटका देऊन? अरे, मग आतला सगळा दाब जाणार कुठे? जिथे कच्चं असेल तिथून बाहेर येणार. उठताना श्वास सोडायचा. सावकाश उठायचं. खाऊन-पिऊन तीन तास तरी जाऊ द्यायचे. दुखलं की थांबायचं. आणि पोटाबरोबर पाठही कमवायची. एवढंच होतं रे. कुणी सांगितलं नाही तुला?"

मी विचारलं, "साहेब, हे... चालचलनामुळे होतं का?"

त्यांना आधी प्रश्न कळला नाही. कळल्यावर ते मोठ्याने हसले. "अरे वेड्या, हा अंतर्गळ आहे, हर्निया. तान्ह्या बाळांनासुद्धा होतो. त्यांचं कसलं चालचलन?" मग कागदावर काहीतरी लिहून त्यांनी तो बाजूला ठेवला. "पुण्याला सरकारी दवाखान्यात शिवून घे. बरा झालास की ये. आत्ता मला तुला घेता येणार नाही."

शेडच्या बाहेर जोडीदार सायकल धरून उभा होता. माझं तोंड बघून त्याने विचारलं, "काय झालं राव?" मी त्याला सगळं सांगितलं. तान्ह्या बाळांचंही सांगितलं. लहानपणापासूनचा दोस्त, त्याला नाही सांगायचं तर कुणाला? तो म्हणाला, "तू ये सावकाश, तुला चालवत नसंल. मी पुढं होतो." आणि सायकलवर टांग टाकून गेला.

मी चालत गावात पोचलो तेव्हा तालमीचं दार बंद होतं. आत बोलणं ऐकू येत होतं. मी कडी वाजवली. जोडीदाराने दार उघडलं, पण उंबऱ्यातून हलला नाही. त्याच्या मागे काका उभे होते. वखारीतल्या ओंडक्यावर मोजायची पट्टी फिरवावी तशी त्यांनी माझ्यावर वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. हे मला नंतर सुचलं, नंतर मी वखारीतच लागलो. त्या वेळी मला काही सुचत नव्हतं.

मी म्हणालो, "काका, डाक्टर म्हनले तान्ह्या पोरांनाबी हुतं. दम कोंडल्यानं हुतं. उठताना दम सोडाया पायजे हुता."

काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेचा अर्थ मला पुढे तीन वर्षांनी लागला. मला वाटलं, ते चिडलेत. ते म्हणाले, "डाक्टर कुस्ती खेळलाय का कदी?" आणि मागे वळले. जोडीदाराने दार लावलं.

आठ दिवसांत आईच्या माहेराकडून ठरत आलेली माझी सोयरीक मोडली. पाणवठ्यावर बायका आईशी बोलेनाशा झाल्या. मी पुण्याला जाऊन शिवून घेतो म्हणालो तर काकांनी आईला सांगितलं, "पोट फाडून घ्यायला गेला तर गावाला आपल्या तोंडानं सांगितल्यासारकं हुईल. बगा तुमी." आईने माझे पाय धरले. माझी आई, माझे पाय! मी गेलो नाही. गेलो असतो तर सहा महिन्यांत कारखान्यात लागलो असतो. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी गेलो नाही, आणि त्याचा दोष आता कुणावरही टाकला तरी तो उतरत नाही. चिंचवड स्टेशनजवळच्या लाकडाच्या वखारीत मापं लिहायचं काम मिळालं, त्यात उचलायला काही नव्हतं. पगारात आम्हा दोघांचं भागेना, खोली तर लांबच राहिली. पितळी आणि वाट्या आईने एक दिवस पुन्हा काकांच्या मांडणीवर लावून टाकल्या. मी बघत होतो, तिने वर पाहिलं नाही.

जोडीदार कारखान्यात लागला. खाकी कपड्यांत सायकलवरून जाताना तो घंटी वाजवायचा, पण माझ्या बाजूला बघायचा नाही. शिफ्ट सांभाळून तो तालमीत यायचा आणि काकांच्या शेजारी काठी घेऊन उभा राहायचा.

तीन वर्षं अशीच गेली. मग एका शनिवारी दुपारी वखारीत निरोप आला की काका हौद्यात कोसळलेत. मी धावत गेलो. जोडीदाराने त्यांना मांडीवर घेतलं होतं. काकांना उलट्या होत होत्या, घाम फुटला होता, पोटाला कुणी हात लावला की ते ओरडत होते. त्यांचं ओरडणं गावाने तोवर ऐकलेलं नव्हतं. बैलगाडीत घालून आम्ही त्यांना हमरस्त्यावर आणलं, एका मालट्रकवाल्याच्या हातापाया पडलो आणि पुण्याच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, "कपडे काढा यांचे." काकांनी दोन्ही हातांनी लंगोटाची गाठ धरली. त्या अवस्थेतही त्यांच्या हातात असं बळ होतं की मला ते सोडवता येईनात. ते म्हणाले, "समद्यांस्नी भाईर काड." जोडीदार बाहेर गेला, बाईही पडद्याआड गेल्या. गाठ सुटेना म्हणून मी बाईंची कात्री मागून घेतली आणि बांधायची नाडी कापली.

लंगोटाच्या आत, उजव्या बाजूला, दुहेरी कापड शिवलेलं होतं. त्यात काहीतरी टणक होतं. मी बोटांनी चाचपलं. नारळाच्या करवंटीचा तुकडा होता, कडा घासून गुळगुळीत केलेला, खाली जुन्या धोतराची घडी घातलेली. जिथे ती करवंटी बसत होती तिथली कातडी बैलाच्या खांद्यासारखी काळी, घट्टे पडलेली होती. आणि ती जे दाबून धरत होती ते आता बाहेर आलं होतं, नारळाएवढा निबर फुगवटा, लालभडक.

आम्ही सगळे नदीवर एकत्र पोहायचो, ओले लंगोट एकत्र पिळायचो. काका मात्र आमच्यानंतर, वरच्या अंगाला, खडकाच्या आड एकटे आंघोळ करायचे. ब्रह्मचारी माणसाची रीत असेल म्हणून आम्ही कुणी तिकडे फिरकायचोही नाही.

"कवापास्नं?" मी विचारलं.

"तुज्या बापाच्या लग्नाच्या आदीपास्नं."

"मंग मला का भाईर काडलं? त्या पैलवानाला का काडलं?"

काकांनी डोळे मिटले. डोळे मिटूनच बोलले. "आदी मलाबी तसंच वाटलं, माजंच काय तरी चुकलं आसंल. मंग समद्यांस्नी तसंच सांगितलं. येकदा सांगितल्यावर मागं कसं घ्यायचं? मी वस्ताद हाय." मग माझं मनगट धरलं. "कुनाला बोलू नगंस."

जत्रेत माझ्या डोक्यावर ठेवला होता, तोच हा हात. मी म्हणालो, "न्हाई बोलत."

दुसऱ्या दिवशी दुपारी काका गेले. आतडं आत काळं पडलं होतं, डॉक्टरांनी पोट उघडून पाहिलं, पण उशीर झाला होता. मी रडलो नाही. रडू आलं ते दवाखान्याच्या नळावर त्यांचा लंगोट धुताना, आणि तेही दुःखाने की संतापाने ते माझं मलाच कळलं नाही.

वस्ताद गेला की त्याचा लंगोट तालमीत मारुतीशेजारी खुंटीला लावायची आमच्याकडे रीत आहे. मी तो आहे तसाच, करवंटीसकट, घडी घालून दिला. मी ती उसवून काढली नाही. कुणाच्या तरी हाताला ती लागावी, कुणीतरी विचारावं, म्हणजे मला न बोलता बोलता येईल, असं मनात होतं. जोडीदाराने घडी हातात घेतली. त्याचा अंगठा त्या टणक जागेवर थांबला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग लंगोट खुंटीला लावला, गुलाल वाहिला आणि नमस्कार केला. त्याच्यामागे सगळ्या पोरांनी रांग लावून नमस्कार केला. पाटील म्हणाले, "शेवटपातूर डाग लागू दिला न्हाई." जोडीदाराला तिथेच नवा वस्ताद केलं.

मी त्या पावसाळ्याआधी पुण्याला जाऊन अंतर्गळ शिवून घेतला. गावात काकाच राहिले नव्हते, मग लाज कुणाची धरायची? पंधरा दिवसांत चालायला लागलो. हिंडता-फिरता झालो तसा कारखान्यात जाऊन आलो. तिथे आता शिकलेली पोरं घेत होते.

त्यानंतर वर्षभराने, वखारीत जाताना मी एका सकाळी तालमीत डोकावलो. पोरं नदीवरून आंघोळ करून परत येत होती, केस ओले, दंगा चाललेला. मी विचारलं, "वस्ताद कुठंय?" एक जण म्हणाला, "ते मागनं येत्यात. आमच्या संगं न्हाई न्हात ते. वरच्या अंगाला जात्यात, खडकाकडं."

मी आत गेलो. मारुतीशेजारच्या खुंटीवरचा लंगोट हाताने दाबून पाहिला. नुसतं कापड होतं. आतली शिवण नीट, एकेक टाका काढून उसवलेली होती आणि करवंटी नव्हती.

मागे पाऊल वाजलं. जोडीदार दारात उभा होता, केसांतून पाणी गळत होतं. त्याने माझा हात खुंटीवर पाहिला. कारखान्याची नोकरी, तालीम, बायको, नुकताच झालेला मुलगा, सगळं त्याच्या तोंडावर दिसत होतं. मग तो जवळ आला आणि अगदी हळू म्हणाला, "कुणाला सांगू नको बरं का, राव."

मला त्याला म्हणता आलं असतं की माझं शिवून झालंय, पंधरा दिवसांचं काम आहे, मी येतो तुझ्याबरोबर. मला बाहेर येऊन पोरांना म्हणता आलं असतं की दम सोडा रे, उठताना दम सोडा, हे बघा काय होतं. यातलं मी काहीच केलं नाही. काकांना दिलेला शब्द मी पाळला, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो आहे. ते खोटं आहे. त्याचं तोंड बघून मला बरं वाटलं होतं. तो सायकलवर टांग टाकून गेला त्या दिवसानंतर पहिल्यांदा मला बरं वाटलं होतं, आणि ते बरं वाटणं मला कुणाबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं.

"न्हाई सांगत," मी म्हणालो.

त्याने मान हलवली, काठी उचलली आणि हौद्याकडे गेला. पाच पोरं दूध पिऊन उताणी पडली होती, पाय तुळईखाली, छातीवर गुंडे. त्यातला सगळ्यात धाकटा सोळा वर्षांचाही नसेल. त्याचं तोंड लाल झालं होतं, मानेच्या शिरा फुगल्या होत्या. त्याच्या नाकातून थोडी हवा सुटली आणि काठी बसली.

"दम कोंड!" वस्ताद ओरडला.

पोराने तोंड गच्च मिटलं. मी चपला घातल्या आणि वखारीकडे निघालो. कामाची वेळ झाली होती.